लाभ, दोन, तीन…

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले, की आमच्या घरी वाण्याच्या यादीचा समारंभ होतो. सौभाग्यवतींनी सांगायचे आणि मी लिहायचे, असा आमचा वीस वर्षांचा शिरस्ता आहे. कारण मास्तराचे अक्षर दुकानदाराला लागते, अशी त्यांची समजूत आहे. रवा, मैदा, चणाडाळ, पोहे, डाळे, सुके खोबरे, गूळ असे करीत यंदाची यादी तेलापाशी आली आणि अडली. थोरल्या मुलीने स्वयंपाकघरातून दोन पिशव्या आणून माझ्यापुढे ठेवल्या. एक गेल्या वर्षीची, रिकामी, धुऊन ठेवलेली. दुसरी मी परवाच आणलेली. आकार तोच, रंग तोच, चित्रातली सूर्यफुलेही तीच.

"बाबा, खालचे बारीक अक्षर वाचा," ती म्हणाली.

जुन्या पिशवीवर ९१० ग्रॅम, म्हणजे एक लिटर. नव्या पिशवीवर, चष्मा पुसून पाहिल्यावर दिसले, ८५० ग्रॅम. जुनी दीडशे रुपयांची होती, नवी एकशे पंचेचाळीसला मिळाली म्हणून मी घरी येऊन मिशीवर ताव दिला होता. मुलीने पाटीवर हिशेब मांडावा तसा वहीच्या कोपऱ्यात मांडला. जुन्या भावाने ८५० ग्रॅमचे एकशे चाळीस झाले असते. पाच रुपये स्वस्त म्हणून आणलेली पिशवी पाच रुपयांनी महाग पडली होती. पिशवीवर वजन छापलेले होते, तेव्हा कायद्याने मला कोणी फसविले नव्हते. मी भाव वाचला आणि माप वाचले नाही, एवढेच.

सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री झोप येईना. पंधरा भागांतला एक भाग कमी, हे प्रमाण माझ्या ओळखीचे होते. ते पूर्वी कोठे भेटले, हे शेवटी सांगतो. त्याआधी वाचकांना जरा आमच्या डोंगरांत नेले पाहिजे.

मी इतिहाससंशोधक नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पोटाचा धंदा मास्तरकीचा आणि नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. परंतु जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत ज्याचा जन्म गेला, त्याला इतिहास शोधावा लागत नाही. तो पायाला ठेचकाळतो. जुन्नर गावाच्या चारी अंगांना डोंगर आहेत आणि डोंगरांत लेणी. लेण्याद्रीला गणपतीच्या दर्शनाला जाणारी मंडळी पायऱ्या चढून धापा टाकतात, नारळ वाढवितात आणि खाली उतरतात. मानमोडी, तुळजा, शिवनेरी इकडच्या लेण्यांत तर वाघळांखेरीज कोणी फारसे फिरकत नाही. या लेण्यांच्या भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. राजांचे थोडे, साध्या लोकांचे पुष्कळ.

त्यांतला एक लेख धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीचा आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. या धान्यवाल्यांनी मिळून सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी कोरवून दान दिली. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडविणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे; व्याज महिन्याच्या महिन्याला यायचे आणि ते धर्मकार्याला लागायचे. आजचा माणूस पतपेढीत पैसे ठेवताना चार ठिकाणी चौकशी करतो. त्या काळच्या दात्याने बुरूड आणि कासार यांच्या हाती कायमची ठेव सोपविली आणि ते दगडावर कोरून ठेवले. ज्यांच्या मापाचा भरवसा नाही, त्यांच्याकडे कोणी ठेव ठेवील काय? धान्यवाल्याचे लेणे मला म्हणूनच मोठे वाटते. त्याने दान दिले, ही गोष्ट आहेच. पण दान देण्याइतका नफा करूनही बाजारात त्याचे नाव राहिले, ही त्याहून मोठी.

तिसरा लेख दिवाळीच्या दिवसांत वाचावा असा आहे. चिट नावाच्या एका यवनाने, म्हणजे ग्रीक देशाकडून आलेल्या वा त्या वंशाच्या माणसाने, भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. कोठला कोण परका मनुष्य जुन्नरच्या बाजारात येतो, व्यापारात चार पैसे मिळवितो, असे आपण मानू, आणि गावाला काय देतो? तर जेवायला बसण्याची जागा. परगावी धड जेवण मिळण्याची किंमत परक्यालाच कळते.

हा व्यापार नाणेघाटातून येई. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल कोकणातून याच घाटाने वर जुन्नरला चढे. घाटाच्या तोंडाशी गुहा आहे, आणि तीत सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध लेख आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा हा लेख. यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा दिली, याचे आकडे त्यात कोरले आहेत. आपल्या देशातील अंकलेखनाच्या फार जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. कर्नल साइक्स या इंग्रज अंमलदाराने १८२८ साली ही गुहा पाहिली आणि विद्वानांचे लक्ष तिकडे गेले. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगतात. मुलांना सहलीला नेले, की मी त्यांना रांजणापाशी उभे करतो आणि सांगतो, "बाळांनो, नाणी टाकायचे भांडे उघड्यावर आहे, हे ध्यानात ठेवा. येणाऱ्याला दिसते, जाणाऱ्याला दिसते."

बाजाराचा सगळा धर्म या दिसण्यात आहे. भाव तोंडाने सांगावा लागतो, म्हणून तो सर्वांना कळतो. माप हातात असते, आणि हात कोणाचा, यावर सारे अवलंबून.

आजच्या मुलांना किलो आणि लिटर एवढेच ठाऊक. पण आमच्या आजीच्या तोंडी निराळेच कोष्टक होते. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. ही वजने नव्हेत, धान्य भरून मोजायची मापे. मापात धान्य भरल्यावर वर जो ढीग राहतो ती शीग. 'उत्साह शिगेला पोचला' असे आपण लिहितो, तेव्हा ही धान्याचीच शीग लिहितो. ज्वारी शिगेने द्यायची की काठोकाठ, यावर बाजारात भांडणे होत. माप हलवून भरले तर धान्य दबून जास्त बसते, वरून भुरभुर सोडले तर कमी. मापाच्या आत अंगठा राहिला, तर प्रत्येक मापाला अंगठाभर धान्य विकणाऱ्याचे. तागडीचीही तीच गत. दांडी मारणे, पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटविणे, हे सारे प्रकार आपल्या भाषेत म्हणींसारखे रुळले आहेत. 'मापात पाप' हे दोन शब्द उगाच जमलेले नाहीत.

आणि तरीही मोजण्याची रीत किती मंगल होती! पहिले माप टाकताना कोणी 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणायचे. लाभ, दोन, तीन, चार… खळ्यावर रास मोजताना अजूनही जुनी माणसे असेच मोजतात. लहानपणी मला वाटे, की लाभ हेच एकाचे खरे नाव. पुढे मोठा झाल्यावर प्रश्न पडला, की हा लाभ कोणाचा? देणाऱ्याचा की घेणाऱ्याचा?

आमच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात, भीमाशंकरच्या अंगाला, या प्रश्नाचे उत्तर फार दिवस एकाच बाजूला झुकलेले होते. तिथले महादेव कोळी बांधव थोडा भात, नाचणी आणि वरई पिकवितात, आणि उन्हाळ्याच्या तोंडी रानातला हिरडा गोळा करतात. कोवळा, वाळविलेला बाळहिरडा औषधाला आणि कातडी कमावण्याला लागतो, त्याला दूरवर गिऱ्हाईक असते. पण दऱ्याखोऱ्यांतल्या बाईला ते गिऱ्हाईक दिसत नसे. तिला दिसे गावातला एक दुकानदार. हिरडा त्याच्या मापाने द्यायचा, आणि मीठ-मिरची त्याच्याच मापाने घ्यायची. घेण्याचे आणि देण्याचे माप एकच असेल, तर निदान हिशेब तरी सरळ. पण ते एक असेच असे नाही. पुढे आदिवासी विकास महामंडळ १९७२ साली स्थापन झाले, सरकारी खरेदी आली, वजनकाटे आले, आणि ही गाठ काहीशी सैल झाली.

सबंध दख्खनची कथा याहून निराळी नव्हती. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकरी सावकारांवर उठले. मे महिन्यात सुप्याच्या बाजारात ठिणगी पडली. लोकांचा रोख मुख्यतः कशावर होता? दागिन्यांवर नव्हे, तर वह्या-खत्यांवर आणि कर्जरोख्यांवर. ते हिसकावून जाळले. ज्या कागदावर आपण काय लिहून दिले हे आपल्याला वाचता येत नाही, तो कागद म्हणजे झाकलेले माप. सरकारने १८७९ साली शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा केला, तो या दंग्यांनंतरच.

मापांचा गोंधळ असा, की गावागणिक शेर निराळा. इंग्रजी अंमलात रुपयाचे वजन एक तोळा ठरले, आणि मग रुपयाच तागडीत पडू लागला. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर, म्हणजे ऐंशी रुपयेभार. मुंबई इलाख्यात १९३२ साली वजनमापांचा कायदा झाला. मापांवर सरकारी छाप आला. स्वातंत्र्यानंतर १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै जाऊन नवे पैसे आले. आण्याला सहा नवे पैसे, पण तीन आण्यांना एकोणीस, हे गणित बाजारात कोणालाच धड समजेना, आणि उरलेला पाव पैसा बहुधा गल्ल्यातच जाई. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोची वजने टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली. ऐंशी तोळ्यांचा शेर भरतो ९३३ ग्रॅम. किलो त्याहून सदुसष्ट ग्रॅमनी मोठा. पंधरा शेर म्हणजे जवळजवळ बरोबर चौदा किलो. ज्याने शेराच्या भावात किलो दिला तो दुकानदार बुडाला, आणि ज्याने किलोच्या भावात शेर दिला तो तरला. यांपैकी दुसरे अधिक घडले असेल, हे सांगायला इतिहासकार नको.

शेतमालाच्या मोठ्या बाजारात तर भावही झाकलेला असे. दलाल आणि व्यापारी धोतराच्या सोग्याखाली किंवा उपरण्याखाली हात घालून बोटे दाबीत, आणि सौदा ठरे. याला हत्ता पद्धत म्हणत. माल ज्याचा, तो शेतकरी समोर उभा राहून उपरण्याकडे पाहत असे! मुंबई प्रांतात १९३९ साली आणि महाराष्ट्रात १९६३ साली बाजार समित्यांचे कायदे झाले, आणि उघड लिलावाचा नियम आला. आज नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटचे भाव ओरडून बोलले जातात. भाव पडला की शेतकरी रडतोच. पण तो कशाने रडतो हे त्याला निदान ऐकू येते.

आता बाहेरच्या जेवणाकडे वळू. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला या विषयाचा अधिकार आहे, असे मी म्हटले तर कोणी हसू नये. मुंबईत चाकरमान्यांच्या घरचे जेवण कचेरीत पोचविण्याचा धंदा महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केला, आणि तो पुढे ज्यांनी डोक्यावर वाहिला ते डबेवाले बहुतेक जुन्नर, आंबेगाव, खेड आणि मावळ या आमच्या टापूतले. एके काळी सुमारे पाच हजार माणसे रोज लाख-दोन लाख डबे पोचवीत. करोनाच्या साथीत कचेऱ्या बंद पडल्या आणि धंद्याला मोठा फटका बसला. हा धंदा मुळात चालला का? मुंबईत खाणावळींना काय तोटा होता? कारण एवढेच, की डब्यात किती तेल, किती तिखट आणि कोणाचा हात, हे खाणाऱ्याला माहीत असे. डबेवाला नुसते जेवण वाहत नव्हता. तो ओळखीचे माप वाहत होता.

उमेदवारीच्या काळात मीही शहरात दोन वर्षे एका खाणावळीत जेवलो. थाळी स्वस्त होती. आमटीची वाटी काठोकाठ भरलेली येई, आणि तरी तिसऱ्या घासाला तळ लागे. एके दिवशी रिकामी वाटी उलटी करून पाहिली, तर तिचे बूड आतून बोटभर वर उचललेले! ज्या कारागिराने ती घडविली त्याचे मला आजही कौतुक वाटते. पुढे मी रस्त्यापलीकडच्या एका बाईंकडे जेवू लागलो. त्या दोन रुपये जास्त घेत, आणि भात वाढताना "मास्तर, अजून?" असे विचारीत. महिनाअखेरीस हिशेब केला, तेव्हा बाईंकडे जेवणेच स्वस्त पडले होते, कारण रात्री भजी खायला बाहेर पडावे लागत नव्हते. आमच्याकडच्या मासवडी-रश्शाच्या हॉटेलांतही मी आधी फलक वाचत नाही. रोजचे ड्रायव्हर कोठे थांबतात आणि रस्सा दुसऱ्यांदा मागितल्यावर वाढप्याचा चेहरा कसा होतो, ते पाहतो.

आता शेवटी सांगेन म्हटलेली गोष्ट.

डोंगरपट्ट्यातला जो गावातला एक दुकानदार मी वर सांगितला, तसाच एक माझा आजोबा होता. मीठ, मिरची, गूळ, चहा द्यायचा आणि हिरडा, नाचणी, भात घ्यायचा. कायद्याने किलो येऊन पंचवीस वर्षे लोटली, तरी आमच्या ओसरीवर शेर आणि मापटे चालूच होते. आजोबा दुपारी झोपले, की दुकानात आजी बसे. आजीची एक रीत होती. माप पुरे झाले, पदरात पडले, की ती पोत्यात हात घालून एक मूठ आणखी टाकी. "वर असू दे ग, पोरांना," असे म्हणे. प्रत्येक शेराला एक मूठ. गावभर तिचे नाव होते, की दुकानदारीण मोठ्या मनाची. आजोबा कुरकुरत, पण थांबवीत नसत. आजी गेली तेव्हा खालच्या वाडीतल्या कितीतरी बाया रडायला आल्या होत्या.

काही वर्षांपूर्वी जुने घर उतरविताना माळ्यावर दोन शेर सापडले. पितळी, एकसारखे, एकावरही सरकारी छाप नाही. मी ते शाळेत नेले. मुलांना जुनी मापे दाखवावी, एवढाच हेतू. मुलांनी हौसेने एका शेराने तांदूळ मोजून बादलीत घातले. लाभ, दोन, तीन… बरोबर सोळा. मग तेच तांदूळ दुसऱ्या शेराने मोजले. पंधरा भरले आणि बादली रिकामी झाली.

"गुरुजी, एक शेर कुठे गेला?" एका पोराने विचारले.

मी काही बोललो नाही. पुन्हा मोजले. पुन्हा पंधरा. एक शेर देण्याचा होता आणि दुसरा घेण्याचा. सोळात एक, शेराला एक निळवे. रुपयाला एक आणा. धाकट्या शेराने मीठ द्यायचे आणि थोरल्या शेराने हिरडा घ्यायचा. ज्या पैशांवर माझ्या बापाचे शिक्षण झाले आणि माझ्या हातात पुस्तक आले, त्या पैशांतला काही हिस्सा त्या निळव्यांचा होता.

संध्याकाळी घरी बसून मी एक मूठ तांदूळ धाकट्या शेरात टाकून पाहिले. थोरल्याशी माप जुळले. आजीची मूठ मला तेव्हा कळली. ती दान देत नव्हती. नवऱ्यापुढे बोलायची सोय नव्हती, हिशेब लिहिता येत नव्हता. म्हणून ती जमेल तेवढी परतफेड करीत होती, आणि लोक तिला उदार म्हणत तेव्हा खाली मान घालीत होती. आजोबांना मी आज दोष देऊन मोकळा होत नाही. माणूस कष्टाळू होता, नातवंडांवर माया करणारा होता. पण माप ते माप.

दोन्ही शेर शाळेच्या कपाटात आहेत. दर वर्षी पाचवीची मुले तांदूळ मोजतात आणि एक शेर कुठे गेला म्हणून विचारतात. आता मी त्यांना सांगतो.

यंदाच्या खरेदीला मी मुलीला बरोबर घेऊन गेलो. तिने चार गोष्टी केल्या, त्या वाचकांनीही कराव्या. काट्यावर माल ठेवण्याआधी शून्य दिसते का, ते पाहिले. पाकिटाचा भाव न विचारता किलोचा भाव विचारला. पिशवीवरचे निव्वळ वजन वाचले. आणि मिठाईच्या दुकानात खोके काट्यावर चढले, तेव्हा म्हणाली, "काका, आधी रिकाम्या खोक्याचे वजन वजा करा. आम्हाला पेढे हवेत, पुठ्ठा नको." दुकानदार प्रथम रागावला, मग हसला. त्याने खोके ठेवून काटा शून्यावर आणला, पेढे भरले, आणि वर एक पेढा तिच्या हातावर ठेवला.

तो पेढा तिने घेतला. वाटेत मला म्हणाली, "बाबा, माप पुरे झाल्यावर मिळाला, म्हणून गोड लागतोय."

वाचकहो, आपणा सर्वांच्या घरी या दिवाळीत माप पुरे पडो, आणि त्याच्यावर मूठभर वर पडो.